बोटभर पाणी

मार्साश्लोकच्या धक्क्यावर माझा उरक
सगळ्यांना ठाऊक आहे.
"साल्विनाकडे दे, दुपारपर्यंत होईल."
आणि होतं.
फेब्रुवारी ते एप्रिल बावीस होड्या,
नाळेवर चव्वेचाळीस डोळे,
पांढरं, निळं, मग काळं बुबुळ, वर भुवई.
खडूची रेघ ओढत नाही, चिकटपट्टी लावत नाही.
बाबा सांगायचे, बुबुळाला श्वास धरायचा,
भुवईला सोडायचा.
तेवढ्या एका श्वासावर आमचं घर चाललं.

घरी, मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी जाळी टांगलेली असायची,
एक कॅनव्हास आहे.
त्याचा हा तिसरा हिवाळा.
त्यावर पाणी आहे, पहाटे पाचचं,
पावाची गाडी यायच्या आधीचं,
निळं व्हायचं की नाही अजून न ठरवलेलं.
एक थर देते, पंधरा दिवस वाळू देते.
मग बघते. बऱ्याचदा
नुसतीच बघते,
डोळ्यांत तेल घालून,
जवसाचं.

बहीण विचारते, संपलं का?
मी म्हणते, आत्ता कुठे सुरू होतंय.

व्हॅलेटाहून लुक्रेत्सिया आली,
तिच्या गॅलरीच्या भिंतीचं माप कागदावर घेऊन.
"दहा हवीत, ऑक्टोबरात.
तुझ्या हाताला काय अवघड आहे?"
चुकीचं नव्हतं. हात तर तोच.
आणि विजेचं बिल ओट्यावर मिठाच्या बरणीखाली.
श्वास धरला, सोडला,
दोन आठवड्यांत सहा उरकली.
सहाही टक्क उघड्या डोळ्यांची,
आणि एकालाही दिसत नव्हतं.
लुक्रेत्सियाला आवडली.
खरं सांगायचं तर मलाही,
मंगळवारपर्यंत.

मंगळवारी काल्चिदोनचा मुलगा दाराशी आला,
टोपी हातात धरून.
तो काही बोलायच्या आत मी डबे उचलले.
घरातलं माणूस गेलं
की होडीच्या नाळेवरची पिवळी मिशी
काळी करायची असते,
शवपेटी चर्चकडे निघायच्या आत.
हात कापायला लागण्याआधी आटपलं.
वीस मिनिटं.
मग मागे सरकून पाहिलं.
हा पिवळा आधी बाबांनी लावलेला, नंतर मी,
दर वसंतात एक थर, चाळीस वर्षं.
ओल्या काळ्याखालून तो
अजून बोलत होता, खालच्या आवाजात,
काल्चिदोन बोलायचा तसा,
अर्धं वाक्य समुद्राकडे तोंड करून.
हे वीस मिनिटांचं काम नव्हतं.
एवढी वर्षं ते चाललं होतं
आणि मी त्याला उरक म्हणत होते.

घरी येऊन सहातली चार पुसून टाकली.
टर्पेंटाइनचा वास दोन दिवस सूपला येत राहिला.
लुक्रेत्सियाला फोन केला, दोन देईन.
ती गप्प. मग म्हणाली, भिंत मोठी आहे.
म्हटलं, असू दे.
तिने ठेवला की लाइन गेली, कळलं नाही.
बिल अजून बरणीखालीच आहे.

हल्ली असं चालतं:
सकाळी धक्क्यावर बोटी,
संध्याकाळी घरी बोटभर.
खरंच बोटभर, डाव्या कोपऱ्याकडून
एका बोटाच्या रुंदीचं पाणी.
काही दिवशी तेवढंही नाही.
खुर्ची जरा मागे घेते,
दिवा लावत नाही.

काल लावलेला राखाडी आज
किंचित हिरवा वाटतोय.
वाळला की कळेल.
उद्या सातला फ्रेंचूची होडी आहे,
खडकाला घासून डावा डोळा गेलाय.
विचारत होता, दुपारपर्यंत होईल ना?

होईल, म्हटलं.
डोळाच तर आहे.